पुस्तकागणिक सचोटी

(मंडळाच्या वार्षिक मेळाव्यात ग्रंथालयाच्या उद्घाटनप्रसंगी केलेलं भाषण. संकेतस्थळासाठी थोडं संपादित.)

नमस्कार मंडळी,

ग्रंथालयाचं कपाट लागलं, पहिल्या पेट्या उघडल्या, आणि समितीनं मला सांगितलं की पुस्तकांच्या निमित्तानं सचोटीवर बोला. विषय मला मनापासून आवडला. मराठी शाळेतल्या मुलांचे आईबाबा नेहमी विचारतात, "संस्कार होतील अशी पुस्तकं सांगा ना." त्यांच्या मनात बहुतेक वेळा एकच साचा असतो: मुलगा खरं बोलतो, आधी सोसतो, शेवटी त्याचं भलं होतं. अशा गोष्टी मुलांनी जरूर वाचाव्यात. पण कपाटात तेवढीच पुस्तकं राहिली, तर मुलांना वाटेल की सचोटी एकाच प्रकारची असते आणि ती गोष्टीतल्या मुलाकडे असते. राज्यकारभाराच्या पुस्तकाची सचोटी वेगळी, पोथ्या संपादणाऱ्याची वेगळी, स्वतःचं आयुष्य सांगणाऱ्याची तर फारच वेगळी. त्यातली काही उदाहरणं आज तुमच्यासमोर ठेवतो.

सुरुवात 'आज्ञापत्रा'पासून. रामचंद्रपंत अमात्यांनी 1715च्या सुमारास, कोल्हापूरच्या संभाजीराजांच्या कारकिर्दीत ते लिहिलं. शिवाजी महाराजांच्या काळापासून कारभार पाहिलेला हा माणूस. गड कसे राखावेत, सावकारांना कसं वागवावं, परकी टोपीकरांपासून, म्हणजे युरोपातून आलेल्या व्यापाऱ्यांपासून, किती सावध राहावं, सगळं त्यात आहे. मला त्यातला आरमाराचा भाग सगळ्यात थोर वाटतो. जहाजांना लाकूड लागतं. साग वगैरे आपल्या रानातलं असेल ते परवानगीनं तोडावं, कमी पडेल ते परमुलखातून विकत आणावं. आंबा-फणसाचं लाकूडही आरमाराच्या कामाचं, पण त्याला हात लावू द्यायचा नाही. कारण सांगितलंय की ही झाडं वर्षा-दोन वर्षांत होत नाहीत, रयतेनं ती लेकरांसारखी वाढवलेली असतात. मग पुढचं वाक्य येतं. एखादं झाड अगदी जीर्ण होऊन कामातून गेलं असेल, तर त्याच्या धन्याला राजी करून, पैसे देऊन, त्याच्या संतोषानं न्यावं. "बलात्कार सर्वथा न करावा."

जरा थांबून विचार करा. आरमार म्हणजे राज्याची निकड, समोर शत्रूची जहाजं, आणि लिहिणाऱ्याच्या हाती सगळी सत्ता. तरीही म्हाताऱ्या फणसाचा मालक राजी आहे की नाही, हे विचारायचं. 'प्रजेवर माया करावी' एवढं लिहूनही भागलं असतं. अमात्यांनी झाडाचं नाव लिहिलं, मोबदला लिहिला, संमती लिहिली. कारभाराच्या पुस्तकात सचोटी अशीच दिसावी लागते, कामाच्या तपशिलात. मोठमोठ्या शब्दांत ती सांगणं कुणालाही जमतं.

दुसरं पुस्तक आपल्या कपाटात मावणार नाही एवढं मोठं आहे. पुण्याची भांडारकर प्राच्यविद्या संस्था 1917 साली स्थापन झाली आणि दोनच वर्षांत तिथे महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीचं, म्हणजे निरनिराळ्या पोथ्या ताडून मूळ पाठ ठरवण्याचं, काम सुरू झालं. औंधच्या बाळासाहेब पंतप्रतिनिधींनी त्याला पैसा दिला. 1925 पासून विष्णु सीताराम सुकथनकर प्रमुख संपादक झाले. केंब्रिजला गणित आणि बर्लिनला संस्कृत शिकून आलेला हा विद्वान 1943 साली गेला. काम पुरं झालं 1966 साली. शारदा, नेवारी, मैथिली, बंगाली, देवनागरी, तेलुगू, ग्रंथ, मल्याळम अशा लिप्यांतल्या 1,259 पोथ्या जमवल्या गेल्या आणि श्लोक श्लोकाशी ताडून पाहिला गेला.

आपण दरवर्षी इथे गणपती बसवतो. व्यासांनी महाभारत सांगितलं आणि गणपतीनं लिहून घेतलं, ही गोष्ट आपल्या प्रत्येक मुलाला ठाऊक आहे. लेखणी थांबता कामा नये ही गणपतीची अट, आणि अर्थ कळल्याशिवाय लिहायचं नाही ही व्यासांची. सुकथनकरांनी पोथ्या तपासल्या, तेव्हा ही गोष्ट मूळ पाठात धरायला आधार पुरेना. काय केलं त्यांनी? गणेशोत्सवाच्या पुण्यात बसून, ती गोष्ट आदिपर्वाच्या मुख्य पाठातून काढून परिशिष्टात ठेवली. वगळली नाही, दडवली नाही. कुणालाही पान उलटून वाचता येईल अशी छापली, फक्त जिथे बसत नव्हती तिथे बसवली नाही.

सभापर्वाचंही तसंच. त्याचे संपादक फ्रँकलिन एजर्टन. ते याच देशातल्या, अमेरिकेतल्या, येल विद्यापीठाचे, म्हणून तुम्हाला मुद्दाम सांगतो. त्यांचा खंड 1944 साली आला. द्रौपदी भर सभेत कृष्णाचा धावा करते, तो धावा या आवृत्तीच्या मुख्य पाठात नाही, तळटीपेत आहे. वर एवढंच उरतं की वस्त्र ओढलं जातं आणि पुन्हा पुन्हा नवं वस्त्र येत राहतं. कुणी पुरवलं, ते सांगितलेलं नाही. कीर्तनातला तो प्रसंग आठवला की आजही माझे डोळे भरून येतात, आणि तरीही मी म्हणतो की एजर्टननी केलं ते योग्यच केलं. भक्ती कीर्तनात राहिली, पुरावा आवृत्तीत राहिला. दोन्ही आपल्याच आहेत.

या आवृत्तीतली मला सगळ्यात प्रिय गोष्ट म्हणजे एक नागमोडी रेघ. निवडलेल्या पाठातल्या एखाद्या शब्दाबद्दल संपादकाची खात्री नसेल, तर त्या शब्दाखाली अशी रेघ छापलेली असते. एवढ्या पोथ्या पाहिलेला पंडित एका शब्दापाशी थांबतो आणि वाचकाला मोकळेपणानं सांगतो की इथे मी ठाम नाही. ज्या ग्रंथाबद्दल प्रत्येक घरात ठाम मतं आहेत, त्याच ग्रंथाच्या पानावर ती रेघ आहे! मराठी शाळेतल्या मोठ्या मुलांना एकदा तरी ते पान दाखवायला हवं. संस्कृत येत नसलं तरी चालेल, रेघ सगळ्यांना कळते.

आणि ही रीत पुण्यात पहिल्यांदा उगवली असंही नाही. तेराव्या शतकाच्या अखेरीस म्हाइंभटांनी महानुभाव पंथाच्या चक्रधरस्वामींच्या आठवणी गोळा केल्या, त्याचं 'लीळाचरित्र' झालं. ज्यांनी स्वामींना पाहिलं होतं, त्यांच्याकडे जाऊन जाऊन विचारलं. त्या परंपरेतल्या पोथ्यांत, एकच प्रसंग दोघांनी दोन तऱ्हेनं सांगितला असेल, तर दुसरी आठवणही नोंदवलेली सापडते. आपल्या गुरूचं चरित्र लिहिताना हे करणं किती अवघड! शिष्याला एकच गोड कथा हवी असते.

आता स्वतःविषयी लिहिणाऱ्यांकडे येतो. तुकोबांचा एक अभंग आहे, त्यात ते स्वतःची हकिकत सांगतात. सुरुवातीलाच म्हणतात, "न ये बोलों परि पाळिलें वचन". हे बोलू नये, पण तुम्ही संतांनी विचारलंत म्हणून सांगतो. मग दुकान बसलं, दुष्काळात पैसा आणि मान दोन्ही गेले, बायको 'अन्न अन्न' करीत मेली, हे सगळं ते सांगून टाकतात. मला लाज वाटली, असंही सांगतात. आणि पुढे ती ओळ येते: "सत्य असत्यासी मन केले ग्वाही । मानियेले नाही बहुमता ॥" ही ओळ आपण सुभाषितासारखी भिंतीवर लावतो. पण ती बुडालेल्या दुकानदाराच्या, भुकेनं बायको गमावलेल्या नवऱ्याच्या तोंडची आहे. अख्खा अभंग वाचला नाही, तर तिचं वजन कळत नाही.

त्याच वाटेनं 1978 साली दया पवारांचं 'बलुतं' आलं. पुस्तकात दोन माणसं बोलतात, शिकलेला दया पवार आणि दगडू मारुती पवार, आणि दोघं एकच आहेत. गावकुसाबाहेरचं जिणं, मुंबईतली कावाखान्याची वस्ती, जातीनं केलेला छळ हे सगळं त्यात आहेच. त्याच लेखणीनं ते बायकोवर घेतलेल्या संशयाबद्दल आणि मोडलेल्या संसाराबद्दलही लिहितात. ज्याच्यावर अन्याय झाला, त्यानं स्वतःला जराही सूट देऊ नये, हे वाचताना मला फार जड गेलं आणि लेखकाबद्दलचा आदर दुणावला. लक्ष्मीबाई टिळकांची 'स्मृतिचित्रे' मात्र हसत हसत हेच करतात. त्यांचे पती नारायण वामन टिळक ख्रिस्ती झाले 1895 साली. लक्ष्मीबाईंनी आपलं सोवळं कितीतरी काळ सोडलं नाही. तो हट्ट, ते रडणं, मग हळूहळू ते सोवळं गळून पडणं, त्यांनी कुठेही सारवासारव न करता लिहिलंय. टिळकांचा रागही लपवला नाही आणि त्यांच्यावरचं प्रेमही नाही.

कथा-कादंबऱ्यांवर आज बोलत नाही. तुम्ही सगळे त्या वाचताच.

एक पुस्तक मात्र राहता कामा नये. 1888 साली महात्मा फुल्यांना पक्षाघात झाला आणि उजवी बाजू लुळी पडली. त्यांनी डाव्या हातानं लिहिलं आणि 'सार्वजनिक सत्यधर्म पुस्तक' पुरं केलं. ते छापून आलं 1891 साली, त्यांच्या मृत्यूनंतर. पुस्तक प्रश्नोत्तरांचं आहे. माणसं विचारतात, जोतीराव उत्तर देतात. त्यात पुरुषांनी दोन-दोन बायका करण्याचा विषय निघतो, आणि जोतीराव उलटा सवाल टाकतात: बाईनं दोन नवरे करून घरात आणले, तर पुरुषाला चालेल का? 1891 साली, मराठीत, छापील! अमात्यांची सचोटी सत्तेला आवरते, सुकथनकरांची श्रद्धेला आवरते, तुकोबांची आणि पवारांची स्वतःला. जोतीरावांची थेट आपल्या स्वयंपाकघरात येऊन उभी राहते. दुसऱ्याला लावलेला नियम मला लागू आहे का, हे विचारते. चारही कठीण, पण मला विचाराल तर घरातली सगळ्यात कठीण, कारण तिथे पाहायला बाहेरचं कुणी नसतं.

समितीला माझी विनंती आहे. मुलांच्या कप्प्यात गोष्टींची पुस्तकं भरपूर ठेवा. त्याच्या शेजारी, हाताला येईल अशा उंचीवर, 'आज्ञापत्र' आणि 'स्मृतिचित्रे' ठेवा. 'बलुतं' पंधरा-सोळा वर्षांच्या मुलांना द्यायला घाबरू नका, पण आधी तुम्ही वाचा आणि नंतर त्यांच्याशी बोला. जोतीरावांचं पुस्तक वाचनगटासाठी घ्या, नवरा-बायकोंनी मिळून वाचावं असं आहे. आदिपर्वाचा खंड जवळच्या विद्यापीठाच्या ग्रंथालयातून मागवता येतो का, ते मी पाहतो. आला, तर रविवारच्या शाळेत गणपतीच्या गोष्टीचं परिशिष्ट आणि त्या नागमोडी रेघा मुलांना दाखवायला मी स्वतः येईन. तारीख ठरली की कळवा.