गाडी आली, पण चालवणार कोण?

नमस्कार श्रोतेहो.

माझी आत्या उतारवयात पायानं अधू झाली आणि हळूहळू तिनं घराबाहेर पडणंच सोडलं. कुणी विचारलंच, तर म्हणायची, "मला आता कुठं जायचंय?" आम्हीही ते खरं धरून चाललो. पुष्कळ वर्षांनी माझ्या ध्यानात आलं, की तिला जायचं होतं. डोळे दाखवायला जायचं होतं, धाकट्या बहिणीकडे जायचं होतं. पण आपल्यापायी कुणाचा तरी अर्धा दिवस मोडतो, हे तिच्या जिवाला लागायचं. म्हणून तिनं मागणंच बंद केलं.

आजचा विषय कानाला रुक्ष वाटेल. ज्येष्ठ आणि दिव्यांग माणसांच्या स्थानिक प्रवाससेवेसाठी पैसा कुठून येतो आणि तो कशावर खर्च होतो, याबद्दल मी बोलणार आहे. माझ्यापुरता मात्र हा आत्याचाच विषय आहे.

ही सेवा कशी चालते, ते आधी सांगते. प्रवासी आदल्या दिवशी फोन करतो. फोन घेणारी व्यक्ती दुसऱ्या दिवशीच्या सगळ्या मागण्या समोर ठेवून कुणाला कुठून, किती वाजता घ्यायचं ते बसवते. सकाळी लिफ्ट किंवा रॅम्प असलेली छोटी गाडी दाराशी येते. चालक खाली उतरतो, हात देतो, व्हीलचेअर आत घेऊन चारही बाजूंनी पट्ट्यांनी जखडतो आणि मगच गाडी हलवतो. एका माणसाला चढवायला पाच-दहा मिनिटं सहज जातात. नेहमीच्या बसमध्ये चालकाचा पगार चाळीस-पन्नास तिकिटांवर वाटला जातो. इथे तासाभरात दोन-तीन प्रवासी झाले तरी पुष्कळ. त्यामुळे भाड्यातून खर्च निघत नाही, कधी निघणारही नाही. भाडं वाढवून तो काढू पाहिला, तर ज्यांच्यासाठी गाडी आहे तेच घरी बसतील.

म्हणजे बाहेरून पैसा लागणार. आणि खरी अडचण इथेच सुरू होते. गाडी घ्यायला पैसा मिळतो. देणगीदार देतात, सरकार देतं. गाडीवर नाव रंगवता येतं, फीत कापता येते, फोटो निघतो. चालकाच्या पगाराचा फोटो निघत नाही. लिफ्टच्या दुरुस्तीचं, विम्याचं, इंधनाचं, फोनवर बसणाऱ्या बाईंच्या मानधनाचं तेच. पहिलं वर्ष उत्साहात जातं. दुसऱ्या वर्षी फेऱ्या कमी होतात. तिसऱ्या वर्षी गाडी धड असूनही उभीच राहते.

अमेरिकेचं उदाहरण घ्या. तिथे नेमक्या याच कामासाठी केंद्र सरकारची एक जुनी योजना आहे. कायद्यातल्या कलमावरून तिला 'कलम ५३१०' म्हणतात. १९७५ साली ती सुरू झाली, तेव्हा हेतू सेवाभावी संस्थांना गाड्या घ्यायला मदत करण्याचा होता. चालवण्याच्या खर्चालाही त्यातून रीतसर वाट मिळाली ती २०१२ च्या कायद्यानं. आजही भांडवली खर्चाला केंद्राचा वाटा ८० टक्क्यांपर्यंत असतो, तर चालवण्याच्या खर्चाला ५० टक्क्यांपर्यंतच. उरलेली रक्कम गावानं किंवा संस्थेनं उभी करायची. आता एखाद्या लहान संस्थेच्या चिटणिसाच्या जागी स्वतःला ठेवून पाहा. १०० रुपयांच्या गाडीसाठी २० जमवायचे आणि १०० रुपयांच्या पगारासाठी ५० जमवायचे. गाडी एकदाच घ्यायची असते, पगार दर महिन्याला द्यायचा असतो. जो भार कायमचा, त्यालाच आधार कमी.

या योजनेत एक शहाणपणाची सोयही आहे, ती सांगायला हवी. दुसऱ्या कुणाकडून करारानं प्रवाससेवा विकत घेतली, तर तो खर्च भांडवली धरता येतो. म्हणजे स्वतःची गाडी न घेता चालकासकट फेऱ्याच विकत घ्यायच्या आणि वाटा ८० टक्क्यांचा मिळवायचा. शिवाय स्थानिक वाटा भरताना वाहतूक खातं सोडून इतर केंद्रीय खात्यांचा पैसाही वापरता येतो. ज्या संस्थांना हे नियम ठाऊक असतात, त्या तगून राहतात. म्हणून मला वाटतं, अशा प्रत्येक संस्थेत नियम बारकाईनं वाचणारा एक माणूस हवाच, चालकाइतकाच गरजेचा.

आता हक्काचं बघू. १९७८ च्या जुलैमध्ये अमेरिकेतल्या डेन्व्हर शहरात १९ दिव्यांग कार्यकर्त्यांनी भर चौकात बस अडवल्या आणि रात्रभर तिथून हलले नाहीत. आम्हाला चढता येईल अशा बस द्या, एवढीच मागणी. अशा लढ्यांमधूनच पुढे १९९० चा दिव्यांग हक्क कायदा आला. ज्यांना नेहमीची बस वापरता येत नाही त्यांना पर्यायी गाडी द्यावीच लागेल, असं त्यानं बससेवांना बजावलं. भाडं नेहमीच्या दुपटीहून जास्त घ्यायचं नाही, आदल्या दिवशी सांगितलं तरी फेरी मिळाली पाहिजे, आणि प्रवास कशासाठी आहे यावरून पुढे-मागे करायचं नाही. सिनेमाला जाणाऱ्यालाही दवाखान्यात जाणाऱ्याइतकाच हक्क. हे कलम मला फार मोलाचं वाटतं. माणूस म्हातारा किंवा दिव्यांग झाला म्हणजे त्यानं फक्त औषधापुरतंच बाहेर पडावं, असं आपण नकळत धरून चालतो.

पण या हक्काला एक सीमारेषा आहे. नेहमीच्या बसमार्गापासून पाऊण मैल, म्हणजे साधारण १.२ किलोमीटर. त्यापलीकडे राहणाऱ्याला ही सेवा देण्याचं बंधन नाही. आणि पैशाअभावी बसमार्गच बंद झाला, तर त्याच्या सावलीत चालणारी ही गाडीही बंद करता येते. बस ज्या दिवशी थांबली, त्याच दिवशी कडेच्या घरातल्या आजींचा हक्क गेला.

इंग्लंडमध्ये वाट वेगळी आहे. तिथे एप्रिल २००८ पासून ठरलेल्या वयाच्या ज्येष्ठांना आणि पात्र दिव्यांगांना देशभर कुठल्याही स्थानिक बसमधून गर्दीची वेळ सोडून मोफत फिरता येतं. बुडालेलं भाडं स्थानिक प्रशासन बसचालक कंपन्यांना भरून देतं, आणि त्यात कंपनीचा नफाही होऊ नये, तोटाही होऊ नये, असं तत्त्व आहे. योजना चांगलीच आहे, अनेकांना तिनं घराबाहेर काढलं. तरी ज्या खेड्यातली बस बंद झाली, तिथे हा पास काय कामाचा? आणि जिला थांब्यापर्यंत चालवतच नाही, तिला मोफत तिकिटाचा उपयोग किती? आधी दाराशी येणाऱ्या गाडीची सोय लावावी आणि मग तिकिटाच्या सवलतीकडे वळावं, असं माझं मत आहे.

स्वीडनमध्ये १९९७ च्या कायद्यानं ही जबाबदारी नगरपालिकांवर टाकली. ज्याला अपंगत्वामुळे नेहमीची वाहतूक वापरणं फार कठीण जातं, त्याला परवाना मिळतो आणि पुष्कळदा साध्या टॅक्सीतूनच त्याचा प्रवास होतो. भाड्याचा थोडा भाग तो देतो, उरलेला करांमधून येतो. देणगी, लिलाव, लॉटरी असं काही नाही. दरवर्षीच्या अंदाजपत्रकात ती बाब असतेच. मला हीच रीत सगळ्यांत भरवशाची वाटते.

लॉटरीवरून आठवलं. अमेरिकेच्या पेनसिल्व्हेनिया राज्यात ६५ वर्षांवरच्यांच्या सामायिक प्रवासाचं ८५ टक्के भाडं राज्याची लॉटरी भरते. त्याहून लहान वयाच्या दिव्यांगांसाठी वेगळी योजना आणि वेगळा निधी. एकाच गाडीत शेजारी बसलेल्या दोघांचे पैसे दोन थैल्यांमधून येतात आणि हिशेब लिहिणाऱ्याला प्रत्येक फेरी फोडून मांडावी लागते. थैल्या जितक्या जास्त, तितका गाडी सोडून कागदांवर जाणारा वेळ जास्त.

आता शेवटचा मुद्दा, आणि तो डायलिसिसचा आहे. मूत्रपिंडं निकामी झालेल्या माणसाला सहसा आठवड्यातून तीनदा, दर वेळी चारेक तास डायलिसिस घ्यावं लागतं. तीनदा जाणं आणि तीनदा येणं म्हणजे आठवड्याला सहा फेऱ्या, वर्षाला तीनशेच्या वर. एक वेळ चुकली तरी अंगात पाणी साठतं, धाप लागते, कधी रात्रीतून रुग्णालय गाठावं लागतं. त्या एका भरतीच्या खर्चात कितीतरी फेऱ्या झाल्या असत्या. पण फेरीचा खर्च वाहतुकीच्या वहीत पडतो आणि वाचलेला पैसा आरोग्याच्या वहीत दिसतो. म्हणून वाहतूकवाले म्हणतात, परवडत नाही, आणि आरोग्यवाले म्हणतात, हे आमचं काम नव्हे. दोन्ही खात्यांची माणसं एका टेबलाशी बसवल्याशिवाय हा गुंता सुटायचा नाही.

आणि परतीची फेरी! सकाळी नेणारे मिळतात. डायलिसिस मात्र ठरल्या वेळी संपेलच असं नाही. कधी रक्तदाब उतरतो, माणूस आडवा पडून राहतो. तोवर गाडीची वेळ टळते, चालकाची पाळी संपते आणि तो जीव दवाखान्याच्या बाकावर ताटकळतो.

श्रोतेहो, तुमच्या भागात अशी गाडी येणार असेल, तर आनंदानं तिचं स्वागत करा. आणि अंदाजपत्रकाची बैठक असेल त्या दिवशी वेळ काढून जा. चालकाच्या किती महिन्यांच्या पगाराची तरतूद झाली आहे, ते विचारा. लिफ्ट बिघडली तर दुरुस्ती कुठल्या खात्यातून होणार, ते विचारा. आणि संध्याकाळी उशीर झालेल्या माणसाला घरी कोण आणणार, ते उत्तर मिळेपर्यंत विचारत राहा.

नमस्कार.