खापरावरची दोन नावं

हे फुटक्या मडक्याचं खापर आहे. त्यावरची काळी शाई बघा, अक्षरं जुन्या हिब्रू लिपीतली आहेत. राजाच्या राजवटीचं कितवं साल, माल कुठून आला, कोणासाठी आला, एवढीच नोंद. कधी जुन्या द्राक्षारसाचा बुधला, कधी तेलाचा.

आजच्या नाब्लुसजवळच्या शोमरोन इथं, प्राचीन इस्राएलच्या उत्तरेकडच्या राज्याच्या राजधानीत, १९१० साली हार्वर्डच्या उत्खननात अशी शंभरच्या आसपास खापरं मिळाली. इसवी सनापूर्वीच्या आठव्या शतकातली. काहींवर कुळाचं नाव आहे: अबियेजेर, हेलेक, अस्रिएल, शखेम, शमीदा. ही सगळी मनश्शे वंशातली, म्हणजे इस्राएलच्या बारा वंशांपैकी एकातली कुळं.

वंशाच्या पोटात कुळ आणि कुळाच्या पोटात बापाचं घराणं, अशी इस्राएली माणसाची ओळख असे. बायबलमधली गोष्ट आहे: शत्रूशी लढायला जा असं देवानं सांगितलं, तेव्हा अबियेजेर कुळातला गिदोन म्हणाला, मनश्शेत माझं कुळ सगळ्यांत दुबळं आणि बापाच्या घरात मी सगळ्यांत धाकटा. जमीनही याच नात्यांनी बांधलेली. वतन कुळाबाहेर जाता कामा नये, ही त्या समाजाची खोल धास्ती होती.

म्हणूनच बायबलमधल्याच, मनश्शे वंशातल्या सलाफहादच्या पाच मुलींचं धाडस मला फार मोठं वाटतं. महला, नोआ, होग्ला, मिल्का, तिरसा. बाप रानात वारला, पाठीमागे मुलगा नाही. या पाच जणी इस्राएलांचा नेता मोशे, याजक आणि सगळ्या सरदारांसमोर उभ्या राहिल्या. मुलगा नव्हता म्हणून आमच्या बापाचं नाव कुळातून का पुसावं? चुलत्यांबरोबर आम्हालाही वतन द्या.

वतन मिळालं. मग भाऊबंद तक्रार घेऊन आले: यांनी दुसऱ्या वंशात लग्नं केली तर जमीन तिकडे जाईल. तेव्हा आपल्याच वंशात लग्न करायचं, अशी अट पडली आणि पाचही जणींनी चुलतभावांशी लग्नं केली. हक्क दिला आणि लगेच त्याला कुंपण घातलं, हे मला आजही टोचतं.

पण पुन्हा त्या खापरांकडे या. बायबलमधल्या मनश्शेच्या कुळांच्या यादीत या मुलींचा आजोबा हेफेर आहे. खापरांवर त्याचं नाव सापडत नाही. नोआचं सापडतं, होग्लाचंही सापडतं. तोवर ती मुलुखाची नावं झाली होती, तिथून बुधले भरून राजधानीत येत होते.

या खापरावर लेखनिकानं लिहिलंय: पंधरावं साल. होग्लाहून.