झाडाखालची शाळा आणि हक्काची मोजदाद

श्रोतेहो, नमस्कार. पायाभूत शिक्षण मोफत, सक्तीचे आणि सर्वांना उपलब्ध असेल, असे घाना या पश्चिम आफ्रिकी देशाच्या १९९२ सालच्या संविधानाने मूलभूत हक्कांच्या प्रकरणातच लिहून ठेवले आहे. हा हक्क मुलापर्यंत पोहोचला की नाही, हे कोणी आणि कसे पाहायचे, याविषयी आज बोलायचे आहे.

'झाडाखालच्या शाळा' हा तिथल्या चर्चेत रुळलेला शब्द आहे. फळा खोडाला टेकवलेला, मुले दगडांवर नाहीतर ओंडक्यावर बसलेली, आणि आभाळ भरून आले की शाळा सुटलेली. मुलाचे नाव हजेरीपटावर असतेच; म्हणून राजधानी अक्रामध्ये बसून पटसंख्या मोजणाऱ्याला तो हक्क पुरा झालेला दिसतो. २००३ च्या कायद्याने आलेल्या राष्ट्रीय आरोग्य विम्याचेही तसेच आहे. त्याचे सदस्यत्व दरवर्षी नव्याने करून घ्यावे लागते. तेव्हा आजवर किती नावे नोंदली यापेक्षा आज किती कार्डे चालतात, हे विचारायला हवे.

हे विचारण्याचा अधिकार १९९३ साली स्थापन झालेल्या मानवी हक्क व प्रशासकीय न्याय आयोगाला आहे, आणि त्याने दरवर्षी संसदेला अहवाल द्यायचा असतो. मानवी हक्क, प्रशासनाविरुद्धच्या तक्रारी आणि भ्रष्टाचार हे तिन्ही विषय या एकाच संस्थेकडे आहेत. ही रचना मला फार मोलाची वाटते, कारण पुस्तकांचा पैसा वाटेतच मुरला, तर ती भ्रष्टाचाराची तक्रार असते तशीच शिक्षणाच्या हक्काचीही असते.

आपल्यासारखी मार्गदर्शक तत्त्वे घानाच्या संविधानातही आहेत. आपल्या अनुच्छेद ३७ नुसार त्यांची अंमलबजावणी न्यायालयामार्फत करून घेता येत नाही. घानाच्या सर्वोच्च न्यायालयाने मात्र २००८ मध्ये, लॉटरी चालकांच्या संघटनेच्या खटल्यात, ही तत्त्वे न्यायालयात दाद मागण्याजोगी आहेत असेच गृहीत धरावे, असा निर्णय दिला. शिवाय तिथल्या अनुच्छेद ३४ नुसार, काम, आरोग्यसेवा आणि शिक्षण यांच्या हक्कांसाठी कोणती पावले उचलली, हे राष्ट्राध्यक्षांनी वर्षातून एकदा तरी संसदेला सांगायचे असते. पावले सांगणे सोपे असते. त्या निवेदनाशेजारी झाडाखालच्या शाळांची जिल्हावार यादी ठेवली जावी, आणि गेल्या वर्षीच्या यादीतील कोणकोणत्या शाळांवर छप्पर चढले, हे गावाच्या नावानिशी सभागृहात वाचले जावे, असे मला मनापासून वाटते.