सर्वोत्तम खेळाडू ठरवायचा कसा?

नमस्कार, श्रोतेहो. सर्वोत्तम खेळाडू कोण, हा वाद पुण्यातल्या कुठल्याही कट्ट्यावर काढा, रात्र सरेल पण वाद सरणार नाही. एक जण आकडे तोंडपाठ म्हणतो, दुसरा 'आमच्या वेळचा खेळ बघायला हवा होता' यावर अडून बसतो.

आकडा हवाच. पण तो एकट्या खेळाडूचा नसतो. डिसेंबर १९४८, पूना क्लबचं मैदान, रणजी सामना. महाराष्ट्राचे भाऊसाहेब निंबाळकर काठियावाडविरुद्ध ४४३ धावांवर नाबाद होते. ब्रॅडमन यांचा एका डावातला ४५२ धावांचा तेव्हाचा विश्वविक्रम मोडायला दहा धावा हव्या होत्या. मध्यंतरात काठियावाडच्या कर्णधाराने सामनाच सोडून दिला! निंबाळकरांच्या वाट्याला पुढे एकही अधिकृत कसोटी आली नाही. कसोटीचा रकाना कोरा आहे म्हणून त्यांना यादीतून वगळणार का? समोरची गोलंदाजी किती दमाची होती, हेही विचारा, जरूर विचारा. महाराष्ट्राच्या ४ बाद ८२६ झाल्या होत्या. पण संधी कुणाला मिळाली आणि कुणाला नाही, हा प्रश्न आधी.

आता आपल्या खो-खोकडे या. डेक्कन जिमखान्याने ज्याचे नियम बांधले, तो हा खेळ. समोरची मुलगी साखळी घालत, म्हणजे बसलेल्या खेळाडूंमधून नागमोडी पळतेय. पाठलाग करणारीला मागे वळता येत नाही, खेळाडू बसतात ती मधली पाटी ओलांडता येत नाही. अशा वेळी कच्ची खेळाडू घाईघाईत खो देऊन मोकळी होते. पक्की खेळाडू खो राखून ठेवते, पळणारीला रेटत रेटत खांबाकडे नेते, तिची वाट बंद करते आणि मगच खो देते. शेवटची मुलगी उठते, खांबाला धरून सूर मारते, बोटं लागतात. बाद! टाळ्या सूर मारणारीला, गुणपत्रिकेवर नावही तिचंच.

मला विचाराल, तर ती मुलगी बाद करण्यात श्रेष्ठ ती खो राखणारी. समोरच्याला आपल्या मनाप्रमाणे खेळायला लावतो, तो मोठा खेळाडू, ही माझी कसोटी. ती लावायची तर खेळ डोळ्यांनी बघावा लागतो. म्हणून स्पर्धा भरवणाऱ्यांना माझी कळकळीची विनंती आहे: गडी कुणी बाद केला, हे तुम्ही लिहिताच, त्याआधीचा खो कुणी दिला, हेही लिहायला लागा.