आधी टेप, मग पुस्तक

अध्यक्ष महाराज आणि मंडळी,

पत्रिकेवर माझा विषय छापलाय, ‘वैमानिक निवडीतील अनिश्चितता : संभाव्यतेचं गणित’. हे वाचूनसुद्धा तुम्ही आलात, म्हणजे एक तर तुमच्या घरात कुणीतरी हवाई दलाचा फॉर्म भरलाय, नाही तर तुम्ही माझे जुने विद्यार्थी आहात आणि न यायचा धीर झाला नाही. (हशा) गणित सांगणार आहे, घाबरू नका आणि सुटलो असंही समजू नका. त्याआधी जरा मन मोकळं करतो.

पुढे बसलेल्या पोरांनो, कशाची तयारी? एनडीए? सीडीएस? एएफकॅट? तिन्ही, म्हणजे सैन्यात अधिकारी व्हायच्या तिन्ही लेखी परीक्षा. बरं. मग एसएसबी म्हणजे काय, चेस्ट नंबर कशाला, स्क्रीनिंगला बाहेर पडणं म्हणजे काय, हे सांगत बसायला नको. पालकांसाठी एवढंच, एसएसबी म्हणजे लेखीनंतरची निवड मंडळापुढची चाचणी, चेस्ट नंबर तिथे छातीवर लावायचा, आणि स्क्रीनिंग ही तिथली पहिली चाळणी. बाकीचं आज रात्री मुलांना विचारा, झोपू देणार नाहीत.

अशा कार्यक्रमात माझ्याआधीचा वक्ता डॉ. कलामांची गोष्ट सांगतोच. आजही झाली. गोष्ट खरी आहे. देहरादूनला हवाई दलाच्या निवड मंडळापुढे पंचवीस उमेदवार, घ्यायचे होते आठ, कलाम आले नववे. तिथून ते हृषीकेशला स्वामी शिवानंदांकडे गेले आणि पुढचं सगळं आपल्याला पाठ आहे. २००६ साली, राष्ट्रपती असताना, आपल्या लोहगावच्या तळावरून ते सुखोईतून उडालेसुद्धा. पंचाहत्तरीला टेकले होते तेव्हा. इथे टाळ्या पडतात.

माझी कुरकुर अशी की, ही गोष्ट आपण नापास झालेल्या मुलाला ऐकवतो, आणि त्याला वाटतं आपल्यालाही आता राष्ट्रपती भवन लागूच आहे. दहाव्याचं काय झालं, पंधराव्याचं काय झालं, कुणी विचारत नाही. मला तर सगळ्यात जास्त कुतूहल आठव्याचं आहे. आठव्यात आणि नवव्यात फरक तो किती असणार? दुसऱ्या दिवशी तीच पंचवीस मुलं त्याच मंडळापुढे उभी केली असती तर क्रम तोच राहिला असता का? आम्हा गणितवाल्यांना ही जिद्दीची गोष्ट वाटत नाही हो, कटऑफची वाटते. असो. हे पुढे येणारच आहे.

आता माझं नेहमीचं तुणतुणं. निवृत्त झाल्यापासून मी घरी मुलांची एनडीएची गणितं घेतो. फी घेत नाही, त्यामुळे वाटेल ते बोलतो. नवीन मुलगा आला की पहिल्या दिवशी त्याला त्रिकोणमिती विचारत नाही. बूट काढायला लावतो आणि भिंतीला टेकून खाली बसवतो. पालक घाबरतात, त्यांना वाटतं सर शिक्षा करतायत. (हशा)

कारण सांगतो. फ्लाइंग शाखेला उंची किमान १६२.५ सेंटीमीटर लागते, हे शेंबड्या पोरालाही माहीत असतं. पण जाहिरातीच्या शेवटी मेडिकलचं जे परिशिष्ट असतं, त्यात आणखी आकडे आहेत. पायाची लांबी ९९ ते १२० सेंटीमीटर. मांडीची लांबी जास्तीत जास्त ६४. बसल्यावरची उंची ८१.५ ते ९६. ही कुणाची लहर नाही. कॉकपिट आधी तयार झालेलं असतं, वैमानिक मागून येतो. पाय आखूड पडला तर रडरचं पेडल शेवटपर्यंत दाबलं जात नाही. मांडी लांब असेल तर इजेक्शनच्या वेळी, म्हणजे संकटात विमानातून बाहेर पडताना, सीट वर उडते तेव्हा गुडघे समोरच्या पॅनेलवर आपटणार. बसल्यावर डोकं फार वर गेलं तर वर कॅनोपी, म्हणजे कॉकपिटचं काचेसारखं झाकण आहे. अभ्यासाने यातलं काही बदलत नाही.

तर एक मुलगा होता. उंचीला बेताचाच, पण अटीत बसत होता. गणितात पक्का, बोलायला चुणचुणीत. त्याला कुणीतरी माझ्याकडे मध्येच, दुसऱ्या वर्षी पाठवलं. चार दिवस आला आणि यायचा बंद. फोन उचलेना. शेवटी आई बोलली, “सर, तो म्हणतोय आता काही उपयोग नाही. पाय कमी पडतोय.” म्हटलं, किती कमी? “एकवीस सेंटीमीटर.” मी उडालोच. एकवीस सेंटीमीटर कमी असलेला मुलगा माझ्या घराचा जिना दोन-दोन पायऱ्या चढून यायचा!

दोघांना बोलावून घेतलं. पठ्ठ्याने खिशातून शिंप्याची चिठ्ठी काढली. कॉलेजच्या गॅदरिंगला पँट शिवली होती, तिची आतली शिवण अठ्ठ्याहत्तर. नव्व्याण्णवातून अठ्ठ्याहत्तर गेले, उरले एकवीस. वजाबाकी अचूक. (हशा) आई म्हणते, “त्याच्या बाबांकडचे सगळेच आखूड पायांचे.” म्हणजे प्रकरण खानदानापर्यंत गेलं होतं.

अहो, जाहिरातीतली पायाची लांबी म्हणजे पँटची लांबी नव्हेच. ती कशी घेतात, नीट बघा. पाठ आणि बूड भिंतीला पक्कं चिकटवायचं. पाय समोर सरळ. टाच जिथे संपते तिथे पुठ्ठ्याचं जाड पुस्तक उभं धरायचं. मी लॉगॅरिदमची टेबलं वापरतो, नाही तरी आता त्यांना दुसरं काम उरलेलं नाही. मग भिंतीपासून पुस्तकापर्यंत टेप. म्हणजे कमरेमागचं सगळं त्यात धरलं जातं. पोराला बसवलं, मोजलं. अठ्ठ्याण्णव आणि वर थोडं. आईचा चेहरा असा उतरला की काही विचारू नका. मी त्याच्या गुडघ्याखाली हात घातला तर तिथे माझी चार बोटं आरामात शिरली. भीतीने पाय आखडून बसला होता! गुडघा हलकेच खाली दाबला, पुस्तक पुढे सरकलं. शंभर.

पुढे त्याचं काय झालं? लेखी पास झाला, एसएसबीहून परत आला, पुन्हा गेला, पुन्हा परत आला. आता नोकरी करतो आणि एएफकॅटचा फॉर्म भरतो. वय आहे अजून. चोविशीपर्यंत चालतं.

याच्या उलटं जे घडलं ते मात्र हसण्यावारी नेण्यासारखं नाही. दुसरा एक मुलगा, पदवीधर. एका निवासी क्लासला होता. वडिलांनी ठेव मोडून फी भरली. लेखी झालं, मुलाखत झाली, रिकमेंड होऊन, म्हणजे मंडळाची शिफारस घेऊन आला. चौकात फ्लेक्स लागला. मग मेडिकल. पाय सत्त्याण्णव. फ्लाइंगसाठी कायमचा अनफिट. त्या क्लासमध्ये मी स्वतः जाऊन आलो. भिंतीवरच्या फळ्यावर प्रत्येक मुलाचं वजन, धावण्याची वेळ, पुश-अप्स, सगळं व्यवस्थित लिहिलेलं. टेपसुद्धा होती. लांब उडी मोजायला! बरं, फॉर्ममध्ये ग्राउंड ड्युटीचा, म्हणजे जमिनीवरच्या कामाचा पर्याय तरी भरायचा. तोही नाही. का, तर सरांनी सांगितलं होतं की त्याने जिद्द कमी दिसते. कुणाला दिसते? फॉर्म कॉम्प्युटर वाचतो. माझं डोकं तेव्हा जे फिरलं ते अजून ठिकाणावर आलेलं नाही, म्हणून प्रत्येक व्याख्यानात हे सांगतो. ज्यांनी आधी ऐकलंय त्यांनी माफ करा.

डोळ्यांचंही तेच. एका डोळ्याला ६/६, दुसऱ्याला ६/९. तेही चष्म्याने ६/६ होणारं, आणि नंबर दूरदृष्टितेचा, म्हणजे प्लसचा असेल तरच. रंगांची ओळख तर अगदी वरच्या प्रतीची लागते. रंगांधळेपण बहुतेक वेळा आईकडून मुलाकडे येतं, आणि ज्याला असतं त्याला कळतही नाही. त्याला कसं कळणार, त्याच्या दृष्टीने जग तसंच आहे. डोळ्यांच्या डॉक्टरकडे ठिपक्यांचं पुस्तक असतं, दहा मिनिटांचं काम. कानातला मळ, वाढलेलं वजन, यांची भीती बाळगू नका. ते टेम्पररी अनफिट, मुदत मिळते. पण रंग आणि हाडं यांना मुदत नसते. मुलींसाठीही हाच हिशेब आहे. २०१६ साली अवनी चतुर्वेदी, भावना कांत आणि मोहना सिंह यांनी लढाऊ विमानांचं दार उघडलं, एनडीए मुलींना नंतर उघडी झाली, पण कॉकपिटने आपलं माप कुणासाठी बदललेलं...

चिठ्ठी आली. ‘दहा मिनिटे’. अध्यक्ष महाराज, मी अजून विषयाला हातच घातलेला नाही! (हशा) ठीक आहे. भराभर.

गणित असं. लेखी, एसएसबी, सीपीएसएस ही वैमानिकांसाठीची यंत्रावरची परीक्षा, मेडिकल, मेरिट लिस्ट. पाच दारं. समजा मुलगा उत्तम आहे आणि प्रत्येक दारातून पार व्हायची शक्यता ऐंशी टक्के आहे. हा आकडा माझा, केवळ उदाहरणापुरता. तरी पाची दारं ओलांडायची शक्यता किती? ०.८ चा पाचवा घात. साधारण तेहतीस टक्के. म्हणजे प्रत्येक ठिकाणी उत्तम असलेल्या तिघांतले दोघे बाहेर. घरात बसून ‘याचं कुठे चुकलं’ म्हणून जो पंचनामा चालतो ना, तो पुष्कळदा निरर्थक असतो.

आता मुद्दा, ज्यासाठी आलो. गुणाकारात क्रम बदलला तरी उत्तर तेच येतं. दारं कुठल्याही क्रमाने लावा, तेहतीसच. पण खर्च बदलतो. हवाई दल लेखी परीक्षा आधी घेतं, कारण हजारो मुलांची लेखी घेणं स्वस्त आणि प्रत्येकाला डॉक्टरपुढे उभं करणं महाग. त्यांच्या बाजूने क्रम बरोबर आहे. तुमच्या बाजूने तो नेमका उलटा आहे! लेखीला तुमची दोन वर्षं जातात आणि टेपला पाच मिनिटं. मग तुम्ही त्यांच्या क्रमाने का चालता? अधिकृत मेडिकल होईल तेव्हा होईल, त्यात वेगळं काही निघू शकतं, तिथे अपीलही करता येतं. पण घरचं आधी उरकून घ्या.

पुढचं. पुन्हा देता येणारी दारं आणि एकदाच उघडणारं दार, यांत गफलत करू नका. एसएसबीला पुन्हा जाता येतं. सीपीएसएस, म्हणजे ती आधी डायल वाचायची आणि मग यंत्रावर बसून हाताने स्टिक, पायाने पेडल सांभाळायची परीक्षा, आयुष्यात एकदाच. तिच्याआधीच्या पीएबीटी या परीक्षेलाही हाच नियम होता. तिथे नापास झालात तर फ्लाइंगचा विषय संपला. रिकमेंड झाल्यावर ती असते, आणि मुलं आदल्या रात्री आनंदात जागतात, घरी फोन, मित्रांना फोन. अरे, झोपा! सगळ्या तयारीत फुकट मिळणारी तेवढी एकच गोष्ट आहे.

आठव्या-नवव्याचं राहिलं. डॅनियल कानमन, २००२ चे अर्थशास्त्राचे नोबेल विजेते. तरुणपणी इस्रायली सैन्यात होते, काम अधिकारी निवडीचं. आठ मुलं, हुद्दे काढून छातीवर नंबर, त्यांनी एक लांब ओंडका भिंतीपलीकडे न्यायचा, आणि कानमननी ते बघून कोण पुढारी होईल ते लिहायचं. ओळखीचं वाटतंय ना? आपला जीटीओ, म्हणजे एसएसबीत गटाच्या चाचण्या घेणारा अधिकारी, हेच करतो. पुढे प्रशिक्षण शाळेतून निकाल यायचे तेव्हा कळायचं, यांचे अंदाज हवेत दगड मारण्यापेक्षा फारसे बरे नव्हते. गंमत म्हणजे, हे कळूनही पुढच्या तुकडीला ते तेवढ्याच खात्रीने गुण द्यायचे. नंतर नव्या सैनिकांच्या मुलाखतीची पद्धत त्यांनी बदलली, एकेक गुण वेगळा मोजायला लावला, तेव्हा अंदाज सुधारले. आपली मंडळंही एकाच्या मतावर चालत नाहीत. मानसशास्त्रज्ञ वेगळा, जीटीओ वेगळा, मुलाखत घेणारा वेगळा, मग सगळ्यांची एकत्र कॉन्फरन्स. तरी कटऑफच्या आसपास नशीब उरतंच. पहिला आणि पंचविसावा यांत मंडळाची चूक होणार नाही. आठवा-नववा यांत होऊ शकते. म्हणून परत आलेल्या मुलाला ‘तुझ्यात अधिकाऱ्याचे गुण नाहीत’ असं सांगू नका, तेवढं त्या मोजमापातून सिद्ध होत नाही.

‘दोन मिनिटे’. हो.

मेरिट लिस्ट. रिकमेंड आणि मेडिकल फिट एवढ्याने बोलावणं येत नाही. एनडीएच्या अलीकडच्या जाहिरातींत हवाई दलाच्या १२० जागा, त्यांतल्या फ्लाइंगच्या ९२. लिस्टमध्ये नाव खाली आहे म्हणून लगेच हाय खाऊ नका. वरचे काही दुसरीकडे जातात, काही मेडिकलला गळतात, मग खालच्यांना पत्र येतं. केव्हा येईल ते सांगता येत नाही, म्हणून तोवर कॉलेजचा प्रवेश रद्द करायचा नाही. कुणी कितीही पेढे वाटले असले तरी नाही.

आणि एनसीसी एअर विंगचं ‘सी’ सर्टिफिकेट असेल, तर एएफकॅटची लेखी न देता थेट एसएसबीला जाता येतं. हे दरवेळी सांगायचं राहतं, आज सांगितलं. मुलींनाही लागू आहे. वयाची अट वाचूनच फॉर्म भरा.