प्रेमकथा लिहायची, तर व्यवसाय म्हणून

नमस्कार श्रोतेहो. आज बोलायचंय प्रेमकथेबद्दल, आणि ती लिहून आपलं घर चालवू पाहणाऱ्यांबद्दल.

सदाशिव पेठेतल्या किंवा कोथरूडच्या एखाद्या जुन्या वाचनालयात जा आणि पुठ्ठा सुटलेली, पुन्हा बांधून घेतलेली पुस्तकं कोणती आहेत ते बघा. रहस्यकथांच्या शेजारी प्रेमकथा सापडतील. महिन्याची वर्गणी भरून पुस्तक बदलायला येणाऱ्या वाचकांनी, विशेषतः बायकांनी, ती हातोहात वाचली. तरी ‘दुपारी लोळून वाचायचं काहीतरी’ म्हणून या लेखनाची बोळवण होते. हा अन्याय आहे, असं मी स्पष्टच म्हणेन.

आपल्याकडे जात, पैसा, घर, नोकरी, आईवडिलांची जबाबदारी हे सगळं लग्नाच्या प्रश्नाभोवती येऊन उभं राहतं. त्या गर्दीत ‘तिला काय हवंय?’ हा प्रश्न शेवटच्या पानापर्यंत धरून ठेवणारं लेखन कुठलं, तर प्रेमकथा. हा वारसाही आपलाच आहे. महाराष्ट्री प्राकृतातल्या गाथासप्तशतीत सातवाहनांच्या काळातली शेतं आहेत, गोदावरीचा काठ आहे, आणि कितीतरी गाथांमध्ये बोलणारी बाई आहे. मराठीतली पहिली कादंबरी मानतात ती बाबा पदमनजींची १८५७ सालची ‘यमुनापर्यटन’. तिचा विषय विधवांची स्थिती आणि पुनर्विवाह. बाईला स्वतःचा जोडीदार निवडता येईल का, या प्रश्नाशी आपली कादंबरी जन्मापासून बांधलेली आहे.

आता लिहिणाऱ्यांसाठी. प्रेमकथेच्या दोन अटी जगभर मानल्या जातात. मुख्य धागा त्या दोघांच्या नात्याचा हवा, आणि शेवट समाधानाचा, आशेचा हवा. शेवटी दोघांपैकी एक मेलं तर ती थोर कादंबरी असू शकेल, पण प्रेमकथा म्हणून विकलीत तर वाचकाला फसवल्यासारखं वाटतं आणि तुमचं पुढचं पुस्तक तो हातात धरत नाही. दोघं एकत्र येणार हे पहिल्या पानापासून ठाऊक असलेल्या माणसाला दोनशे पानं जागेवर बसवायचं असतं. सगळी भिस्त ‘कसे येणार?’ यावर.

त्यासाठी अडचण दुहेरी लागते, बाहेरची आणि आतली. एक उदाहरण घेऊ. नायिका फिजिओथेरपिस्ट, कर्वेनगरात आईबरोबर राहते. सोसायटी रिडेव्हलपमेंटला गेलीय, त्यामुळे दोन-तीन वर्षं भाड्याच्या घरात काढायची आहेत. नायक स्ट्रक्चरल इंजिनिअर, त्याला चेन्नईची नोकरी चालून आलीय. ही बाहेरची अडचण. एवढ्यावर कादंबरी उभी राहत नाही, कारण बिल्डरनं ताबा दिला की गोष्ट संपली.

म्हणून आत जायचं. वडिलांच्या आजारपणात नातेवाइकांनी पैसे दिले आणि पुढे प्रत्येक लग्नकार्यात ते बोलून दाखवले. मदत घेतली की मिंधेपण येतं, ही तिनं मनाशी बांधलेली गाठ. त्याचा स्वभाव असा, की माणूस आवडलं की त्याच्या वतीनं निर्णय घेऊन मोकळं व्हायचं. एक दिवस तिला न विचारता तो नव्या भाड्याच्या घराचं डिपॉझिट भरून टाकतो. त्यानं ते मायेनं केलं, आणि तिच्या नेमक्या दुखऱ्या जागी लागलं. मराठीत ज्याला निरगाठ म्हणतात ती ही. दोघांच्या स्वभावातून आलेली, म्हणून सहज न सुटणारी.

याच्या तुलनेत नेहमीचा गैरसमज बघा. नायिकेनं त्याला हॉटेलात कुणा मुलीबरोबर पाहिलं, ती निघाली त्याची मावसबहीण. दहा मिनिटं फोनवर बोलले असते तर मिटलं असतं. अशा गैरसमजावर साठ पानं ओढली, की वाचक दोघांवरही वैतागतो. परत आलेल्या हस्तलिखितांमध्ये हा दोष फार दिसतो.

उकल करताना माफीनाम्यावर भागत नाही. त्याला विचारायला शिकावं लागेल, तिला एकदा तरी ‘हो, मला मदत लागेल’ असं म्हणावं लागेल, आणि दोन्ही प्रसंगातून दिसावं लागेल. पुण्यातलाच प्रसंग घ्या. मुलगी दुचाकीवरून उतरते, हेल्मेट काढते, तोंडाला गुंडाळलेला स्कार्फ सोडायला लागते आणि कानातलं त्याच्या धाग्यात अडकतं. तिसऱ्या प्रकरणात तो पुढे होतो आणि बोलायच्या आत सोडवून टाकतो. ती जराशी मागे सरकते. सव्विसाव्या प्रकरणात तेच घडतं. त्याचा हात वर येतो, अर्ध्यावर थांबतो आणि तो म्हणतो, ‘काढू का?’ ती मान कलती करते. ‘तो आता बदलला होता’ हे वाक्य लिहायचं कामच उरत नाही. अशा जोडप्रसंगांच्या दोन-तीन जागा आराखड्यातच ठरवून ठेवा, नंतर सुचतील या भरवशावर राहू नका.

आणि चेन्नईचं काय? नोकरी सोडण्याचा त्याग दर वेळी तिच्याच वाट्याला येत असेल, तर आजची वाचक पुस्तक मिटून ठेवते. दोघांनी काय सोडलं आणि काय मिळवलं याचा हिशेब कागदावर मांडून बघा. एका बाजूचा रकाना रिकामा दिसला, तर शेवट दुरुस्तीला आलाय.

लांबीचा अंदाज सांगतो. पहिल्या कादंबरीला ५०,००० शब्द पुरेत. डेमी, म्हणजे कादंबरीच्या नेहमीच्या आकाराच्या पानावर साधारण २५० शब्द बसतात, म्हणजे मजकूर २०० पानांचा. छपाई १६ पानांच्या फॉर्मात होते, त्यामुळे सुरुवातीची पानं धरून २०८ पानं, म्हणजे १३ फॉर्म. प्रसंग १,३०० शब्दांचा धरला तर असे ३८ प्रसंग लागतील. एकोणिसाव्याच्या आसपास दोघं खरोखर जवळ आलेली हवीत. मध्यावर कादंबरी ढिली पडते ती इथेच, कारण लेखक जवळीक शेवटासाठी राखून ठेवतो आणि मधल्या भागात गमवायला काहीच उरत नाही. जवळीक आधी द्या, ताटातूट अठ्ठाविसाव्या-तिसाव्या प्रसंगाला आणा. मग वाचकाच्या पोटात खड्डा पडतो.

रोज ६०० शब्द, आठवड्यातले पाच दिवस. सतरा आठवड्यांत पहिला खर्डा होतो. तो पंधरा दिवस बाजूला ठेवा. दुसऱ्या खर्ड्यात फक्त रचना बघायची, तिसऱ्यात भाषा. संवाद मोठ्यानं वाचा. आपण बोलताना ‘मी तुझ्यावर प्रेम करतो’ क्वचितच म्हणतो, ‘जेवलीस का?’ आणि ‘पोचल्यावर मेसेज कर’ यांतून बरंच सांगून जातो. संवाद तिथून उचला.

शरीराच्या जवळिकीबद्दल थोडं. १९६२च्या ‘रंभा’ मासिकाच्या दिवाळी अंकात चंद्रकांत काकोडकरांची ‘शामा’ ही कथा आली आणि अश्लीलतेचा खटला झाला. उच्च न्यायालयात ते दोषी ठरले. १९६९ साली सर्वोच्च न्यायालयानं त्यांना निर्दोष सोडलं. कलाकृती सलग आणि पूर्ण वाचून मगच तिच्याबद्दल ठरवायचं, आणि समाजाच्या कल्पना बदलत असतात, ही त्या निकालातली भूमिका लेखकांनी लक्षात ठेवावी. लिहिताना मी एकच कसोटी सांगेन. त्या प्रसंगानंतर दोघांमधलं काही बदललं का? बदललं नसेल, तर तो कितीही सुंदर लिहिलेला असो, काढून टाका.

आता व्यवहार. मराठीत केवळ कादंबऱ्यांच्या रॉयल्टीवर, म्हणजे विकलेल्या प्रतीमागे लेखकाला मिळणाऱ्या वाट्यावर, घर चालवणं फार कठीण आहे. आकडेच बघा. पुस्तकाची छापील किंमत ३०० रुपये, आवृत्ती १,००० प्रतींची, रॉयल्टी १० टक्के. सगळ्या प्रती खपल्या तर ३०,००० रुपये. पण करारात ‘छापील किमतीवर’ असं लिहिलंय की ‘प्रत्यक्ष मिळालेल्या रकमेवर’, हे बघितलंत का? विक्रेत्याला ४० टक्के सूट गेली, तर हातात १८० रुपये येतात, आणि प्रतीमागे तुमचे ३० रुपयांचे १८ होतात. दोन शब्दांनी १२,००० रुपयांचा फरक पडतो.

म्हणून एकाच कथानकाचे हक्क वेगवेगळे समजून घ्यायचे: छापील पुस्तक, ई-बुक, ऑडिओ, मालिका किंवा चित्रपट, अनुवाद. कॉपीराइट कायदा १९५७चा. त्याच्या कलम १९ प्रमाणे हक्क दुसऱ्याला द्यायचा तर तो लेखी आणि सहीनिशी द्यावा लागतो, आणि कोणता हक्क, किती काळ, कुठल्या प्रदेशासाठी, मोबदला किती, हे त्यात यावं लागतं. मुदत लिहिलीच नसेल तर कायदा ती ५ वर्षांची धरतो. प्रदेश लिहिला नसेल तर भारतापुरता. हक्क घेणाऱ्यानं वर्षभरात ते वापरले नाहीत, तर करारात वेगळं काही नसल्यास ते संपुष्टात येतात. ‘सर्व हक्क कायमस्वरूपी’ असा छापील मसुदा समोर आला, तर ते शब्द खोडून ‘मुद्रित मराठी आवृत्ती, ५ वर्षे’ असं सुचवा. सुचवल्यानं कुणी रागावत नाही, आणि रागावलंच तर तेही आधी कळलेलं बरं. लेखन पूर्ण होताच कॉपीराइट तुमचाच असतो, तो तुमच्या पश्चात ६० वर्षं टिकतो. नोंदणी सक्तीची नाही, पण वाद झाला तर पुरावा म्हणून उपयोगी पडते.

कमाईची सुरुवात दिवाळी अंकांपासून करा. १९०९ला काशिनाथ रघुनाथ मित्रांच्या ‘मनोरंजन’नं सुरू केलेली ही प्रथा नव्या लेखकाला आजही दार उघडून देते. चार-पाच हजार शब्दांची प्रेमकथा पूर्ण करून जूनपर्यंत संपादकांकडे पोचवा. गणपतीच्या सुमारास पाठवलेली कथा बहुधा पुढच्या वर्षावर जाते. आधी कुठेही, अगदी ऑनलाइनसुद्धा, आलेली कथा पाठवू नका. मानधन किती आणि कधी, हे स्वीकृती कळताच नम्रपणे विचारून घ्या.

प्रतिलिपीसारख्या ऑनलाइन ठिकाणी क्रमशः कादंबरी लिहिणाऱ्यांना वाचक लवकर मिळतो आणि कुठल्या भागावर तो गळाला हेही दिसतं. तिथे हजार-बाराशे शब्दांचे भाग चालतात. निदान १५ भाग तयार असल्याशिवाय पहिला भाग टाकू नका. सहाव्या-सातव्या भागानंतर घरात आजारपण येतं, ऑफिसात मार्चअखेर येते, भाग चुकतो, आणि तुटलेला वाचक परत फिरकत नाही. स्वतः ई-बुक काढणार असाल, तर ॲमेझॉन किंडलच्या ‘केडीपी सिलेक्ट’ या योजनेत नाव घालण्याआधी अट वाचा: त्या ९० दिवसांत तो मजकूर डिजिटल स्वरूपात दुसरीकडे कुठेही ठेवता येत नाही. क्रमशः कादंबरी प्रतिलिपीवर तशीच राहिली, तर अटीचा भंग झाला. छापील पुस्तक स्वतः काढलंत तर आयएसबीएन, म्हणजे पुस्तकाच्या ओळख-क्रमांकासाठी कुणालाही पैसे देऊ नका. राजा राममोहन रॉय राष्ट्रीय संस्थेकडून तो विनाशुल्क मिळतो. अप्पा बळवंत चौकातल्या विक्रेत्याकडे प्रती देताना चलनावर सूट, प्रती आणि हिशेबाची तारीख लिहून सही घ्या. ओळखीतल्या माणसाकडून घ्यायला संकोच वाटतो, पण थकलेले पैसे मागताना तोच कागद कामाला येतो.

कराचंही एक कलम लेखकांनी ओळखीचं करून घ्यावं. १९६१च्या आयकर कायद्यात कलम ८० क्यूक्यूबीखाली भारतात राहणाऱ्या लेखकाला साहित्यकृतीच्या रॉयल्टीवर वर्षाला ३ लाखांपर्यंत वजावट ठेवली होती, तीही जुनी करप्रणाली निवडली तरच. या वर्षीची तरतूद सीएला विचारून घ्या आणि जाताना रॉयल्टीची विवरणपत्रं बरोबर ठेवा.

सुरुवातीची तीन-चार वर्षं नोकरी, भाषांतर, मुद्रितशोधन किंवा ऑडिओ मालिकांचं संवादलेखन यावर काढावी लागतात, हे धरून चाला. प्रकाशकाकडून उत्तर यायला तीन ते सहा महिने सहज जातात. त्यांना पाठवताना एक पानी पत्र, शेवटासकट दोन पानी कथासार आणि पहिली तीन प्रकरणं द्या. युनिकोडमध्ये, पानांना क्रमांक घालून. कथासारात शेवट लपवू नका, संपादकाला तोच बघायचा असतो. आणि उत्तराची वाट बघण्याच्या त्या महिन्यांत दुसऱ्या कादंबरीचे ३८ प्रसंग वहीत मांडायला घ्या, कारण पहिलं पुस्तक आवडलेला वाचक तुमचं पुढचं पुस्तक विचारत येतो.

नमस्कार.