सेंट थॉमसच्या दारातली माणसं

मंडळी, पत्रिकेत विषय छापलाय 'सेंट थॉमस कॅथीड्रलच्या नोंदवह्या'. तिथे पोचायचंच आहे. पण वही उघडण्याआधी चर्चच्या दारात कोण उभं होतं ते मला सांगायचंय, कारण माझं सगळं म्हणणं त्या दारापाशीच आहे.

हॉर्निमन सर्कलवरून तुम्ही सगळे शंभरदा गेला असाल. चर्चगेट स्टेशनला ज्या चर्चमुळे नाव मिळालं ते हेच. किल्ल्याचा तट पाडला तेव्हा, 1860च्या दशकात, या चर्चकडे उघडणारी वेस गेली, नाव तेवढं गाडीच्या पाटीवर राहिलं. मुंबईचे जुने मैलाचे दगडही याच चर्चपासून मोजलेले. दादर-परळकडे असला एखादा दगड फुटपाथात रुतलेला दिसला तर जरा थांबून आकडा वाचा, मजा येते.

पाया घातला गेला 1676च्या सुमारास, म्हणजे रायगडावर राज्याभिषेक होऊन दोन वर्षं झाली होती. हे काम काढणारा गव्हर्नर जेराल्ड ऑन्जियर पुढच्याच वर्षी सुरतेत वारला. भिंती पंधरा फुटांपर्यंत चढल्या आणि काम थांबलं ते जवळजवळ चाळीस वर्षं. चर्चसाठी जमवलेला पैसा पुढे गव्हर्नर झालेल्या जॉन चाइल्डनं गिळला, असा अलेक्झांडर हॅमिल्टन या दर्यावर्दी व्यापाऱ्याचा आरोप होता. वर्गणीतून उभ्या राहणाऱ्या इमारतींचं नशीब सगळीकडे सारखंच, हे या सभागृहाला मी काय सांगणार! (हशा) शेवटी रिचर्ड कॉब नावाच्या चॅप्लेननं, म्हणजे ईस्ट इंडिया कंपनीच्या पाद्र्यानं, मनावर घेतलं, लोकांकडून पैसे उभे केले आणि 1718च्या नाताळच्या दिवशी गव्हर्नर चार्ल्स बूनच्या उपस्थितीत चर्च उघडलं.

कॉबनं त्या दिवसाची हकीकत लिहून ठेवली आहे. तिच्यात एक वाक्य असं, की 'रामाजी' आणि त्याच्या जातीचे सगळे लोक चर्चच्या दारांतून आत बघत उभे होते, आणि ती शिस्तशीर उपासना पाहून खूश झाले. हा रामाजी म्हणजे रामा कामत. शेणवी, गडगंज श्रीमंत, कंपनीच्या देशी शिपायांवर हुकमत असलेला. वाळकेश्वराचं देऊळ 1715च्या सुमारास पुन्हा उभं केलं ते यानंच. स्वतःचं देऊळ बांधून तीन वर्षं झालीत आणि हा माणूस दुसऱ्यांच्या देवळाच्या उद्घाटनाला आपल्या ज्ञातीसह हजर आहे. मला हे चित्र फार आवडतं.

आता महिना लक्षात घ्या. त्याच नोव्हेंबरात बूननं कान्होजी आंग्ऱ्यांच्या खांदेरीवर आरमार नेलं होतं आणि सपशेल मार खाऊन परत आला होता. मुंबईत कुजबूज चालू होती, की आतलं कुणीतरी फितूर झालं असणार. पराभवाला एक फितूर लागतोच, त्याशिवाय सेनापतीची अब्रू वाचत नाही. तो फितूर ठरला रामा कामत. त्यानं आंग्ऱ्यांना लिहिलेलं म्हणून एक पत्र पुढे आलं. साक्षीदाराचे अंगठे पेचात आवळून साक्ष काढली. 1720मध्ये खटला झाला, जन्मठेप झाली, मालमत्ता जप्त झाली. 1728मध्ये तो कैदेतच मेला. आणि ते पत्र? बनावट होतं. माणूस हातचा गेल्यावर हे उघड झालं.

म्हणजे नाताळच्या सकाळी जो गव्हर्नर आत प्रार्थनेला होता, त्यानंच दारात उभ्या असलेल्याला दोन वर्षांच्या आत तुरुंगात घातलं. मला याचा आजही संताप येतो. चर्चच्या आत भिंतीभिंतीवर संगमरवरी पाट्या आहेत, कोण कुठल्या लढाईत पडला, कोण कुठल्या तापानं गेला. कामतासाठी शहरात त्या तोडीचं काय आहे? वाळकेश्वराला रोज हजार माणसं जातात, त्यांतल्या किती जणांना हे नाव ठाऊक आहे?

(संयोजकांची चिठ्ठी आलीय. दहा मिनिटं. बरं.)

तर नोंदवह्या. बाप्तिस्मा, लग्न, दफन, या तिन्हींच्या नोंदी. मुंबई इलाख्यातल्या चर्चांकडून या नोंदींच्या नकला लंडनला जात. 1709पासूनच्या त्या नकला आज ब्रिटिश लायब्ररीत इंडिया ऑफिसच्या, म्हणजे हिंदुस्थानचा कारभार पाहणाऱ्या लंडनच्या खात्याच्या, दप्तरात आहेत. मूळ वही वाळवीनं खाल्ली असेल तिथे नक्कल कामाला येते. नकलणाऱ्या कारकुनानं नावं मात्र हवी तशी लिहिली आहेत, म्हणून एक नाव चार तऱ्हांनी शोधायचं.

दफनाची वही वाचताना महिने बघा. 'दोन पावसाळे म्हणजे माणसाचं आयुष्य' असं इथल्या गोऱ्यांबद्दल म्हटलं जायचं, ते पारखून बघायला हीच वही. दफनाची जागाही बघा, आधी किल्ल्याबाहेर मेंढम्स पॉइंट, 1760च्या दशकापासून सोनापूर. बाप्तिस्म्याच्या वहीत आईचा रकाना बघा. बापाचं नाव, हुद्दा, सगळं आहे, आणि आई इथली असली की पुष्कळदा नावच नाही. ती बाई कोण, कुठल्या गावची, हे त्या वहीत कधीच सापडणार नाही.

चर्चमधल्या पाट्यांचंही तेच. गव्हर्नर जोनाथन डंकन 1811मध्ये वारला. त्याच्या स्मारकावर बनारस आणि काठेवाडातली बालहत्या बंद केल्याचा उल्लेख आहे. काम मोठंच, पण 1807मध्ये काठेवाडात प्रत्यक्ष गेला तो बडोद्याचा इंग्रज रेसिडेंट कर्नल वॉकर, आणि बरोबर गायकवाडांची फौज घेऊन विठ्ठलराव देवाजी. त्यांची नावं बडोद्याच्या दप्तरात शोधावी लागतात.

म्हणून माझी मागणी एवढीच आहे. ज्यांना मोडी येते त्यांनी या इंग्रजी वह्या वाचायला घ्या, आणि ज्यांना इंग्रजी दप्तराची सवय आहे त्यांनी मोडी शिका. आंग्ऱ्यांचे कागद एका टेबलावर आणि सेंट थॉमसची वही दुसऱ्या, असं चालायचं नाही. दोन्ही एकाच माणसासमोर उघडी हवीत, 1718चं पान 1718च्या पानाशेजारी. या खोलीत मोडी येणारे किती आहेत? हात वर करा. सभा संपल्यावर तुम्ही सगळे मला भेटा, कामाची वाटणी आजच करू.